अ‍ॅलेक्स रायडर : कुठून सुरू करायचा आणि कुठे थांबायचं

मागच्या अंकात सुट्टीतल्या वाचनाबद्दल लिहिताना मी अँथनी होरोविट्झच्या अ‍ॅलेक्स रायडर सिरीजचं नुसतं नाव घेतलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम तिलाच देतेय. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लंडनमधला चौदा वर्षांचा मुलगा, आईवडील तो तान्हा असतानाच गेलेले, काकाने वाढवलेला. काका बँकेत नोकरी करतो एवढंच त्याला ठाऊक. एक दिवस काका कार अपघातात गेला असं सांगायला पोलीस येतात, सीटबेल्ट लावला नव्हता म्हणतात, आणि हा पोरगा ती गाडी शोधून काढतो तर तिच्यावर गोळ्यांची भोकं. काका ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा, म्हणजे एमआय सिक्सचा एजंट होता. मग तेच खातं या मुलाला कामाला लावतं. पहिलं पुस्तक स्टॉर्मब्रेकर, 2000 साली आलं. मी ही सिरीज वर्षानुवर्षं वाचत आलेय, काही भाग पुन्हा पुन्हा, त्यामुळे माझी मतं पक्की आहेत आणि तशीच सांगणार. जिथे शेवट फुटेल तिथे आधी सांगेन.

ताई, माझा मुलगा सहावीत आहे. मित्राने दिलेलं स्टॉर्मब्रेकर घेऊन दिवसभर कूलरसमोर वाचत बसून राहिला, जेवायला हाक मारली तरी उठत नाही. वाचतो याचा आनंदच आहे, पण त्यात बंदुका आणि मारामारी खूप आहे असं ऐकलं. वाचू देऊ की काढून घेऊ?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

काढून तर अजिबात घेऊ नका. मे महिन्यात नागपुरात दुपारी पोरगं बाहेर न जाता पुस्तकात डोकं घालून बसलंय, याहून बरं काय पाहिजे.

माणसं मरतात, हे खरं आहे. पहिल्याच भागात एका मोठ्या काचेच्या टाकीत विषारी जेलीफिशसारखा प्राणी आहे आणि तो प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो. पण रक्ताची लांबलचक वर्णनं नाहीत, अश्लील काही नाही, शिवीगाळ नाही. पहिले चार भाग अकरा-बारा वर्षांच्या मुलाला खुशाल द्या. पाचवा भाग स्कॉर्पिया, त्यात शाळेतल्या मुलांना दिलेल्या लसीतूनच त्यांना मारायचा कट आहे, सातव्यात म्हणजे स्नेकहेडमध्ये माणसांचे अवयव काढून विकणारी टोळी आहे, आणि नववा स्कॉर्पिया रायझिंग मनाला फार लागतो. हे तीन आठवीनंतर वाचलेले बरे.

मला त्या बंदुकांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते आणि ती तुम्ही मुलाशी जेवताना नक्की बोला. अ‍ॅलेक्स हेर व्हायला तयारच नसतो. तो सरळ नाही म्हणतो. मग एमआय सिक्सच्या स्पेशल ऑपरेशन्स विभागाचा प्रमुख अ‍ॅलन ब्लंट त्याला थंडपणे सांगतो की तू काम केलं नाहीस तर तुला सांभाळणारी जॅक, ती अमेरिकन आहे, तिला देश सोडावा लागेल आणि तुला संस्थेत टाकू. आता हा माणूस चांगल्यांच्या बाजूचा आहे बरं का, देश वाचवणारा. मुलाला विचारा, ब्लंटने हे बरोबर केलं का. बारा वर्षांची मुलं यावर फार छान बोलतात, फक्त आपण मध्ये उत्तर द्यायचं नाही. माझ्या मते अख्खी सिरीज याच एका प्रश्नावर उभी आहे, पॅराशूट आणि गॅजेट नंतर.

ताई, मी आठवीत आहे, मराठी मीडियम. आजपर्यंत एकही इंग्रजी पुस्तक पूर्ण वाचलं नाही. मला जमेल का? आणि क्रमानेच वाचावं लागते का? बर्डीवर जुन्या पुस्तकांत मला ईगल स्ट्राइक स्वस्तात भेटलं, तेच आधी वाचू का?
– सक्करदऱ्याहून

जमेल. शंभर टक्के जमेल, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. होरोविट्झ टीव्हीसाठी लिहिणारा माणूस आहे, त्यामुळे वाक्यं छोटी, दृश्य डोळ्यासमोर उभं राहील अशी, आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी संपतं की पुढचं पान उलटल्याशिवाय चैन पडत नाही. पहिली तीस-चाळीस पानं जड जातील, तेवढी रेटायची. प्रत्येक शब्दासाठी डिक्शनरी उघडू नको, नाहीतर तू तिथेच सोडून देशील, अंदाज बांधत पुढे जा, आणि एखादा शब्द चार-पाच वेळा आला तरच बघ. बंदुकांचे मॉडेल, गाड्यांचे प्रकार, विमानाचे भाग, यांची वर्णनं वरवर वाचली तरी काही अडत नाही. इंग्लंडच्या शाळेतले काही शब्द आपल्याला नवीन असतात, तेही दोन पुस्तकांत सवयीचे होतात. फारच अवघड वाटलं तर या सिरीजच्या सुरुवातीच्या भागांची ग्राफिक नॉव्हेलही आहेत, म्हणजे कॉमिक्ससारखी चित्रांची, आधी ती बघून मग मूळ पुस्तक घेतलं तरी चालतं, त्यात कमीपणा काहीच नाही.

आता क्रम. क्रमानेच वाच. स्टॉर्मब्रेकर 2000, पॉइंट ब्लँक 2001, स्केलेटन की 2002, मग तुझं ईगल स्ट्राइक 2003, स्कॉर्पिया 2004, आर्क एंजल 2005, स्नेकहेड 2007, क्रोकोडाइल टीअर्स 2009 आणि स्कॉर्पिया रायझिंग 2011. पुस्तकं यायला अकरा वर्षं लागली, पण अ‍ॅलेक्सच्या आयुष्यात या नऊ भागांत साधारण वर्षभरच जातं, सुरुवातीला तो चौदाचा असतो आणि शेवटी पंधराचा. एवढ्या वेळात त्याच्यावर जे जे गुदरतं ते साठत जातं, मधूनच उचललेल्या पुस्तकात ते कळत नाही.

म्हणून ईगल स्ट्राइक कपाटात ठेव. त्यातली मूळ गोष्ट, एक जगप्रसिद्ध पॉपस्टार आणि त्याचं वेडं स्वप्न, ती तुला तशीही समजेल. पण शेवटी यासेन ग्रेगोरोविच नावाचा भाडोत्री मारेकरी अ‍ॅलेक्सला जे सांगतो, ते ऐकून हादरायला व्हायचं असेल तर हा यासेन पहिल्या भागात काय करून गेला आणि तरी त्याने अ‍ॅलेक्सला का सोडलं हे माहीत असायला हवं. पहिला भाग विकत मिळत नसेल तर लायब्ररीत विचार, वर्गात विचार, इंग्लिश मीडियमच्या एखाद्या शेजाऱ्याकडे हमखास असतो. तुझ्याकडे चौथा आहे, अदलाबदलीला तो चांगला आहे.

आमच्या वेळी फास्टर फेणे होता. कुणी पाठवायचं नाही, कुणी पगार द्यायचा नाही, सायकल काढायची आणि निघायचं. आता नातू इंग्लंडच्या हेराची पुस्तकं मागतो. आपल्या मुलांनी परक्या देशाच्या गुप्तहेर खात्याचं कौतुक का करावं, हे मला समजत नाही.
– एक आजोबा, महाल

काका, फास्टर फेणे माझाही लाडका आहे. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा तो काडीपैलवान पोरगा असा काही उभा केला की संकट दिसलं की त्याच्या जिभेचं "ट्टॉक" आपल्यालाच ऐकू यायचं. आणि तुम्ही जो फरक सांगितला ना, कुणी पाठवायचं नाही, तो अगदी नेमका आहे. बनेश फेणे स्वतःच्या ओढीने संकटात उडी घेतो. अ‍ॅलेक्सला ढकललं जातं.

पण म्हणूनच मी म्हणेन की नातवाला वाचू द्या, कारण या पुस्तकांत गुप्तहेर खात्याचं कौतुक नाहीये. उलट, एखाद्या मोठ्या ब्रिटिश लेखकाने आपल्याच देशाचं खातं मुलांच्या पुस्तकात इतकं निर्दय दाखवावं याचं मला पहिल्यांदा वाचताना आश्चर्य वाटलं होतं. अ‍ॅलेक्सला ते बंदूक देत नाहीत कारण तो लहान आहे, पण मरायला पाठवतात. परत आला की शाबासकीसुद्धा नीट नाही, शाळेत खोटी आजारपणाची चिठ्ठी, की पुन्हा गणिताचा तास. वर्गातली मुलं त्याच्या दांड्यांवरून काहीबाही बोलतात आणि त्याला कुणाला खरं सांगता येत नाही. मिसेस जोन्स म्हणून खात्यात दुसऱ्या क्रमांकावर एक बाई आहे, सतत पेपरमिंट चघळणारी, तिला मनातून वाईट वाटतं, ब्लंटशी ती वादही घालते, आणि तरीही सही करते. मला ती ब्लंटपेक्षा जास्त अस्वस्थ करते. नातवाबरोबर एखादा भाग तुम्हीही वाचा ना काका, आणि त्याला फेणेची पुस्तकं द्या, दोघांची जोडी जमते.

मी नववा भाग वाचून दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मग कळलं की पुढे नेव्हर से डायमध्ये तर सगळं उलटंच केलंय. ताई, तुम्हाला ते पटलं का? मला फसवल्यासारखं वाटलं.
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, प्रतापनगर

(ज्यांनी नववा भाग वाचला नाही त्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जावं, इथे सगळंच फुटणार आहे.)

नाही पटलं. मला अजूनही पटत नाही, आणि त्याचं कारण नीट सांगते.

स्कॉर्पिया रायझिंगमध्ये जॅक स्टारब्राइट मरते. अ‍ॅलेक्सच्या डोळ्यांदेखत, गाडीच्या स्फोटात. आठ पुस्तकं या मुलाच्या घरात एकच माणूस होतं, जेवण करणारी, रागावणारी, त्याच्यासाठी जागी राहणारी, आणि पहिल्या पुस्तकात ब्लंटने धमकी दिली होती ती तिच्याच नावाने. म्हणजे जिला वाचवायला म्हणून पोरगा या धंद्यात आला तीच त्या धंद्याने घेतली. आणि त्याहून भयंकर गोष्ट शेवटी कळते, की अ‍ॅलेक्सच्या शाळेवर झालेला गोळीबार, ज्याच्यामुळे तो इजिप्तला जायला तयार झाला, तो शत्रूने नाही, ब्लंटनेच घडवून आणला होता, पोराने हो म्हणावं म्हणून. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि मला वाटलं, या लेखकाने पहिल्या पुस्तकात मांडलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं, मुलांच्या पुस्तकात असं करायला छाती लागते. मोठी माणसं लहान मुलाला वापरतात तेव्हा किंमत कोण देतं, याचं ते उत्तर होतं.

2017 साली नेव्हर से डाय आलं आणि त्यात जॅक जिवंत आहे. अ‍ॅलेक्सला एक ईमेल येतो, तो शोधत निघतो आणि ती सापडते. आता वाचक म्हणून ती परत आल्याचा मलाही आनंद झाला, ते दृश्य वाचताना डोळे भरून आले हे खरंय, तिच्यावर माझंही प्रेम आहे. पण त्या आनंदाने नवव्या भागाचं सगळं वजन काढून घेतलं. जे पोरगं कायमचं बदललं होतं ते पुन्हा लंडनला, पुन्हा घरी, पुन्हा मिशनवर. तुला फसवल्यासारखं वाटलं कारण तू ते मरण खरं मानून त्याचं दुःख केलंस, आणि लेखकाने नंतर सांगितलं की दुःख करायची गरज नव्हती. वाचकाशी असं करू नये असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मला कुणी विचारलं कुठे थांबायचं, तर मी नवव्यावर थांबा म्हणते. पुढचं टाकाऊ आहे असं नाही. 2020 चं नाइटशेड मला आवडलं, त्यात एक संघटना लहान मुलांना वाढवतेच मारेकरी म्हणून, मिसेस जोन्सचा भूतकाळ त्यात येतो आणि तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या मुलाला जे करायला लावलं ते तिच्यासमोर उभं राहतं. 2023 मध्ये नाइटशेड रिव्हेंज आलं, ते त्याचाच पुढचा धागा. ही दोन वेगळी जोडी म्हणून वाचायला छान आहेत. पण गोष्ट नवव्यात संपली.

या सिरीजमधले व्हिलन बहुतेक परदेशी आणि दिसायला विचित्र का असतात? मी शिक्षक आहे, वर्गात वाचायला द्यायचं म्हणतोय, पण हे खटकतं.
– मानेवाडा

सर, खटकायलाच पाहिजे, मलाही खटकतं. पहिलाच खलनायक हेरॉड सेल इजिप्तचा, दुसरा डॉक्टर ग्रीफ दक्षिण आफ्रिकेचा, तिसरा रशियन जनरल सारोव्ह. कुणाच्या चेहऱ्यावर व्रण, कुणाची उंची कमी, कुणाच्या शरीरात काहीतरी वेगळं, आणि ते वाईटपणाची खूण असल्यासारखं लिहिलेलं. ही जुन्या ब्रिटिश हेरकथांची सवय आहे. होरोविट्झने पुढे जेम्स बाँडच्या तीन अधिकृत कादंबऱ्याही लिहिल्या, 2015, 2018 आणि 2022 मध्ये, म्हणजे तो त्याच परंपरेतला आहे आणि तिचे दोषही त्याच्याकडे आलेत.

पण वर्गात देऊ नका असं मी म्हणणार नाही. हेरॉड सेलचंच बघा. कैरोच्या गरीब वस्तीतला मुलगा, श्रीमंत लोकांच्या पैशावर इंग्लंडच्या शाळेत येतो, तिथे रंगावरून आणि बोलण्यावरून त्याला छळतात, आणि छळणाऱ्यांतला एक पुढे पंतप्रधान होतो. सेल देशभरातल्या शाळांना फुकट कॉम्प्युटर देतो आणि त्यांच्यात जीवघेणा व्हायरस भरतो, कॉम्प्युटरचा नाही, माणसांना मारणारा. त्याचं कृत्य राक्षसी आहेच. पण राग कुठून आला ते लेखकाने लिहून ठेवलंय, फक्त त्यावर तो थांबत नाही, झपाझप पुढे जातो. तिथे तुम्ही थांबा. आठवी-नववीच्या मुलांना वर्गातल्या छळावर बोलायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. आणि जनरल सारोव्ह मला सगळ्यांत उत्तम वाटतो, मुलगा युद्धात गमावलेला बाप, अ‍ॅलेक्समध्ये त्याला तो मुलगा दिसतो, दत्तक घ्यायला निघतो. तिसरा भाग त्याच्यामुळे वर गेला.

भारतही येतो एका ठिकाणी. क्रोकोडाइल टीअर्सची सुरुवात चेन्नईजवळच्या एका काल्पनिक अणुवीज केंद्रात होते, तिथला एक इंजिनिअर पैशासाठी घातपात करतो. पुढे त्याच पुस्तकात रॉचा, म्हणजे भारताच्या गुप्तहेर संस्थेचा, एक एजंटही भेटतो आणि तो अ‍ॅलेक्सच्या बाजूने उभा राहतो. त्या कटाची कल्पनाच भन्नाट आहे, मोठी आपत्ती आपणच घडवायची आणि मग मदतनिधी आपल्याच धर्मादाय संस्थेत गोळा करायचा. मुलांना हे लगेच कळतं आणि त्यांना त्याचा प्रचंड राग येतो.

पुस्तक वाचू की सिरीज बघू? सिनेमा पण आहे म्हणतात.
– गोधनी

सिनेमा 2006 चा, स्टॉर्मब्रेकरवर, अ‍ॅलेक्स पेटीफर हिरो. पटकथा होरोविट्झचीच होती तरी तो चालला नाही आणि पुढचे भाग निघालेच नाहीत. बघायला हरकत नाही, पण सगळं हसतखेळत नेलंय, पुस्तकातली भीती त्यात नाही. टीव्ही सिरीज मात्र जरूर बघ. 2020 ला पहिला सीझन आला, त्यात काकाच्या मृत्यूनंतर सरळ पॉइंट ब्लँकची गोष्ट घेतली, आल्प्सच्या बर्फातली ती शाळा. दुसरा सीझन ईगल स्ट्राइकवर आणि तिसरा, शेवटचा, 2024 मध्ये स्कॉर्पियावर. त्यात अ‍ॅलेक्स झालेला ऑटो फॅरंट चौदाचा दिसत नाही, मोठाच दिसतो, आणि तिथे थोडं नुकसान होतं, कारण पुस्तकात प्रत्येक वेळी आठवत राहतं की अरे हा तर लहान आहे, पडद्यावर ते विसरायला होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा आणि खात्यावरचा राग फार खरा आहे. आधी निदान स्कॉर्पियापर्यंत पुस्तकं वाच, मग बघ.

रशियन रूलेट कधी वाचायचं? आणि हे सगळं संपलं की पुढे काय?
– दहावीची परीक्षा संपलेला, हिंगणा रोड

रशियन रूलेट 2013 चं, आणि ते नवव्या भागानंतरच वाच. हे अ‍ॅलेक्सचं नाही, यासेनचं पुस्तक आहे. तोही चौदाचाच असतो, रशियातल्या छोट्याशा गावात, जवळच्या कारखान्यातून जिवाणू हवेत सुटतात, आईवडील जातात, गावच पुसलं जातं, आणि तो मॉस्कोला एकटा. तिथून मारेकरी होईपर्यंतचा रस्ता. एकाच वयाची दोन मुलं, दोघांचं कुणीच उरलेलं नाही, एकाला जॅक मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही, एवढाच फरक घेऊन लिहिलंय. मला विचारशील तर स्कॉर्पियाच्या खालोखाल हेच पुस्तक. दहावी झालेल्याने वाचावं असंच आहे, लहान भावंडांना देऊ नको, छळाचे प्रसंग आहेत त्यात.

पुढे म्हणशील तर रॉबर्ट मुचामोरची चेरब सिरीज, पहिलं पुस्तक द रिक्रूट, 2004. तिथेही मुलंच हेर आहेत, पण त्यांना मिशन नाकारता येतं, खातं सोडताही येतं. अ‍ॅलेक्सनंतर ते वाचताना हा फरक पानोपानी जाणवतो. भाषा आणि विषय थोडे मोठ्यांचे आहेत, तुला आता चालतील. सीक्रेट वेपन म्हणून अ‍ॅलेक्सच्या छोट्या गोष्टींचं पुस्तकही आहे 2019 चं, ते मध्ये कधीही, प्रवासात वगैरे वाच.